त्याच खोलीचे दोन फोटो

मुलांनो, तुमच्या घराला कधी रंग दिलाय का? रंग द्यायचा म्हटलं की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “सगळं नवं करून टाका!” दुसरा म्हणतो, “छे, आहे तेच बरं आहे!” यंदा आमच्या शाळेत अगदी अस्संच झालं.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चौथीच्या वर्गाला रंग द्यायचं ठरलं. या वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक भला मोठा हत्ती आहे. फार पूर्वीच्या एका गुरुजींनी तो काढला. त्याच्या सोंडेच्या टोकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत १ ते १०० अंक लिहिलेले आहेत. आता भिंतीचे पोपडे निघालेत. ३७ आणि ३८ हे अंक तर गायबच झालेत. त्यामुळे आमची मुलं छत्तिसाच्या पुढे जरा अडखळतात, असं आम्ही थट्टेनं म्हणतो!

तर प्रश्न आला हत्तीचा. ठेवायचा की पुसायचा? अर्धा वर्ग म्हणाला, “बाई, ठेवायचा!” उरलेला अर्धा म्हणाला, “पुसायचा! सगळी भिंत आकाशी करायची.” भांडण इतकं वाढलं, की मधल्या सुट्टीत दोन्ही पक्ष डबे घेऊन वेगवेगळ्या झाडांखाली बसले.

मी काहीच निकाल दिला नाही. दुसऱ्या दिवशी घरून दोन फोटो घेऊन गेले आणि फळ्याला चिकटवले.

कोणती जुनी, कोणती नवी?

माझी मावसबहीण अमेरिकेत राहते. फ्लोरिडा राज्यात ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ हे प्रचंड मोठं करमणुकीचं ठिकाण आहे. मिकी माऊसचं घर म्हणा ना! तिथे राहायला बरीच हॉटेलं आहेत आणि प्रत्येक हॉटेल एखाद्या कल्पनेवर किंवा गोष्टीवर बेतलेलं आहे. त्यांपैकी ‘पॉप सेंच्युरी’ नावाच्या हॉटेलात ती दोनदा राहिली. एकदा २००५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये. दोन्ही वेळी तिनं खोलीचा फोटो काढला. मधल्या काळात, म्हणजे २०१७-१८ मध्ये, तिथल्या खोल्यांचं नूतनीकरण झालं होतं.

मी वर्गाला विचारलं, “सांगा पाहू, यातली जुनी खोली कोणती?”

सगळ्यांनी बरोबर ओळखलं. पहिल्या फोटोत दोन पलंग शेजारी शेजारी, त्यांवर रंगीबेरंगी नक्षीची जाड आवरणं, खाली गालिचा, कोपऱ्यात छोटं गोल टेबल आणि दोन खुर्च्या, आणि समोर एक पोट सुटलेला टीव्ही. दुसऱ्या फोटोत लाकडासारखी दिसणारी गुळगुळीत जमीन, भिंतीवर पाटीसारखा चपटा टीव्ही, पांढरीशुभ्र अंथरुणं. आणि पलंग? पलंग एकच!

“बाई, दुसरा पलंग चोरीला गेला!” मागच्या बाकावरून आवाज आला. सगळे हसले.

मग मी विचारलं, “तुम्हाला कोणती खोली आवडली?” झालं! पुन्हा दोन पक्ष. एक म्हणाला, “जुनी! नवी दवाखान्यासारखी पांढरी दिसते.” दुसरी म्हणाली, “नवी! किती मोकळी आहे.” आमच्या वर्गातली एक मुलगी कुबडी घेऊन चालते. ती बराच वेळ फोटोकडे नुसती बघत होती. शेवटी तिनं विचारलं, “बाई, या नव्या जमिनीवर पाणी सांडलं तर पाय घसरतो का?”

तिचा प्रश्न लक्षात ठेवा हं. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

रस्त्यावर उभा असलेला वॉकमन

आधी या हॉटेलची ओळख करून घेऊ. पॉप सेंच्युरी डिसेंबर २००३ मध्ये सुरू झालं. खोल्या किती असतील? एकूण २,८८०! एका खोलीत चौघं धरले, तर साडेअकरा हजार माणसं एका वेळी झोपू शकतात. एखादं मोठं गावच की!

या हॉटेलची कल्पना फार मजेदार आहे. विसाव्या शतकातलं १९५० ते १९९९ हे अर्धशतक त्यांनी इमारतींमधून उभं केलंय. पन्नासचं दशक, साठचं दशक, असे पाच भाग. त्या त्या काळात लोकांच्या हातात जे जे होतं, ते ते इथे चार मजली जिन्याला लपेटून राक्षसी आकारात उभं आहे. पन्नासच्या भागात बोलिंग या खेळातल्या बाटल्यांसारख्या सोंगट्या, साठच्या भागात यो-यो, ऐंशीच्या भागात रुबिकचा ठोकळा, नव्वदच्या भागात बटणांचे मोबाइल फोन. ऐंशीच्या भागात एक वॉकमनही आहे. वॉकमन म्हणजे काय, हे तुमच्या आईबाबांना विचारा. ते लगेच डोळे मिटून एखादं गाणं गुणगुणायला लागतील!

साठच्या भागात आपल्याला चांगला ओळखीचा एक मुलगा भेटतो. तो आहे मोगली, आणि त्याच्यासोबत भालू अस्वल. तिथे मोगली कशाला, असं वाटेल. डिस्नेचा ‘जंगल बुक’ हा कार्टूनपट १९६७ साली आला, म्हणून तो साठच्या दशकात. रुडयार्ड किपलिंग यांनी ही गोष्ट त्याच्याही खूप आधी, १८९४ च्या पुस्तकात लिहिली आणि तिच्यातलं जंगल कल्पिलं ते सिवनी भागातलं. सिवनी आपल्या नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशात आहे. तिथलंच पेंचचं जंगल आपल्या नागपूर जिल्ह्यातही पसरलेलं आहे. म्हणजे फ्लोरिडाच्या हॉटेलात उभा असलेला हा मुलगा खरं तर आपला शेजारी!

आता यातली खरी मेख ऐका. बाहेरचा वॉकमन, मोबाइल, रुबिकचा ठोकळा हे सगळं जुनं झालं, तरी कुणी हलवलं नाही. उलट जितकं जुनं, तितकं मजेचं. पण खोलीच्या आतल्या वस्तू मात्र बदलाव्या लागल्या. असं का? कारण बाहेरचा वॉकमन *बघायला* आहे. आतला पलंग *झोपायला* आहे.

मैदानावरचं हॉटेल

हे वाचून नीट कळणार नाही, म्हणून आम्ही सगळे मैदानावर गेलो. या हॉटेलची खोली न्हाणीघर धरून साधारण २६० चौरस फूट असते. आम्ही फक्कीनं १३ फूट रुंद आणि २० फूट लांब असा चौकोन आखला. १३ गुणिले २० म्हणजे २६०. झाली आमची खोली!

आता पलंग. अमेरिकेत पलंगांची मापं ठरलेली असतात. ‘डबल’ पलंगाची गादी ५४ इंच रुंद आणि ७५ इंच लांब. ‘क्वीन’ पलंगाची गादी ६० इंच रुंद आणि ८० इंच लांब. जुन्या खोलीत दोन डबल होते. आम्ही सतरंज्या त्या मापात दुमडल्या आणि अंथरल्या. एका सतरंजीवर दोघं, अशी चार मुलं आडवी झाली.

“बाई, हा मला ढकलतोय!”

ढकलणारच. गणित करा. ५४ इंचांचे दोन वाटे केले, तर प्रत्येकाला २७ इंच. म्हणजे सव्वादोन फूट. चौथीतल्या मुलाला ते चालेल. पण दिवसभर पायपीट करून आलेल्या आईबाबांना? क्वीनवर प्रत्येकाच्या वाट्याला ३० इंच येतात. तीन इंच म्हणजे फार नाही. पण रात्री कोपर लागायला आणि न लागायला तेवढं पुरतं.

मग दोन मोठे पलंग ठेवून टाकायचे, सोपं आहे! असं वाटतं ना? पण थांबा. डबल पलंग जागा अडवतो साधारण २८ चौरस फूट. दोन डबल म्हणजे ५६. क्वीन अडवतो साधारण ३३. दोन क्वीन म्हणजे ६६. खोली तर तेवढीच, भिंती मागे सरकत नाहीत. मग आणखी १० चौरस फूट आणायचे कुठून?

मैदानावर सगळे विचारात पडले. एवढ्यात एका मुलानं दुसरी सतरंजी गुंडाळून फक्कीच्या रेषेला टेकवून ठेवली आणि म्हणाला, “ही घ्या जागा! झोपताना पुन्हा उघडू.”

शाब्बास! नेमकं हेच त्या हॉटेलवाल्यांनी केलं. नव्या खोलीतला दुसरा पलंग चोरीला गेलेला नाही. तो भिंतीत उभा आहे! दिवसा तिथे एक टेबल दिसतं. त्याच्यावर जेवा, चित्रं काढा, पत्ते खेळा. रात्री वरची फळी धरून खाली ओढली, की टेबल खाली जातं आणि त्याच्यावर क्वीन पलंग आडवा होतो. वर भिंतीवर मिकी माऊसचं चित्र दिसू लागतं.

आता पुन्हा हिशेब करा. जुन्या खोलीत दिवसभर ५६ चौरस फूट जागा पलंगांनी अडवलेली. नव्या खोलीत दिवसा फक्त ३३, आणि वर त्या टेबलाची थोडी जागा. पलंग मोठे झाले आणि खोलीही मोकळी झाली. आहे की नाही गंमत?

“पण बाई, ही तर वळकटीच झाली की!” एक मुलगी म्हणाली. “माझी आजी रोज सकाळी करते.” खरंच. तुमच्या आजीनं हे केव्हाच ओळखलं होतं. फक्त तिनं त्याला गाद्यांची घडी म्हटलं!

असा भिंतीतला पलंग काही नवा नाही बरं का. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सान फ्रान्सिस्को शहरात विल्यम मर्फी नावाचे गृहस्थ एका खोलीच्या घरात राहत होते. पाहुणा आला की त्याला बसवायचं कुठे, ही त्यांची अडचण. त्यांनी पलंगाला बिजागऱ्या लावून तो भिंतीतल्या कपाटात उभा करायची युक्ती काढली. म्हणून अजूनही अशा पलंगाला ‘मर्फी बेड’ म्हणतात. एवढा जड पलंग लहान माणसालाही उचलता येतो, तो स्प्रिंगमुळे. पलंग खाली आणताना स्प्रिंग ताणली जाते आणि ताकद साठवून ठेवते. वर नेताना तीच ताकद परत देते. एकदा घातलेले कष्ट वाया जात नाहीत, पुन्हा उपयोगी पडतात.

आणि तो उरलेला एक पलंग? तो थोडा उंच केला आहे. त्याच्याखाली मोठ्या बॅगा सरकवता येतात. जुन्या खोलीत बॅगा पायात यायच्या, असं माझ्या बहिणीनं सांगितलं.

पांढरी चादर आणि गुळगुळीत जमीन

आता त्या ‘दवाखान्यासारख्या’ रंगाकडे वळू. पूर्वी बहुतेक हॉटेलांत पलंगावर जाड, नक्षीदार आवरणं असायची. नक्षीचा एक फायदा, की डाग दिसत नाही. आणि तोटा काय? तोही तोच. डाग दिसत नाही! शिवाय एवढं जाड आवरण रोज कोण धुणार? १९९९ साली ‘वेस्टिन’ नावाच्या अमेरिकन हॉटेलांनी पलंगांवर सगळं पांढरं अंथरूण घालायला सुरुवात केली. लोकांना ते फार आवडलं आणि पुढे बऱ्याच हॉटेलांनी तेच केलं. पांढऱ्या चादरीवर छोटासा डागही लपत नाही. ती रोज गरम पाण्यात घालून धुता येते, रंग जायची भीती नाही. पांढरी चादर जणू सांगते, “पाहा, मी काही लपवत नाही.”

गालिच्याचं तसंच. गालिचा मऊ असतो, पावलांचा आवाज गिळतो. पण तो धूळ आणि सांडलेलं सरबतही गिळतो. नवी जमीन पुसली की झाली. मात्र तिच्यावर खुर्ची ओढली, की खर्रकन आवाज येतो. ज्यांना धुळीनं शिंका येतात, त्यांना नवी जमीन बरी. ज्यांची झोप हलकी आहे, त्यांना जुना गालिचा बरा.

आता आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं काय? ओली गुळगुळीत जमीन निसरडी होऊ शकते, हे तिचं अगदी बरोबर. कुबडीच्या टोकाचं रबर झिजलेलं असलं, तर आणखीच. म्हणून अशा जमिनीवर न्हाणीघराच्या दाराशी पायपुसणं हवं, पाणी लगेच पुसायला हवं. पण चाकाच्या खुर्चीला हीच जमीन सोयीची. मऊ गालिच्यात चाकं रुततात आणि हात भरून येतात.

अमेरिकेत १९९० साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा एक मोठा कायदा झाला. त्यामुळे हॉटेलांना काही खोल्या अशा ठेवाव्या लागतात, की चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला कुणाची मदत न घेता वावरता येईल. खुर्ची गर्रकन वळवायला ६० इंच, म्हणजे पाच फूट व्यासाचं मोकळं वर्तुळ धरलेलं असतं. आम्ही मैदानावर दोरी आणि खुंटी घेऊन तसं वर्तुळही काढलं. जुन्या खोलीच्या दोन सतरंज्यांच्या आजूबाजूला ते बसवताना आमची चांगलीच त्रेधा उडाली.

म्हणजे पाहा, फोटोत आपण रंग बघत होतो. ती मात्र जमीन बघत होती. खोली सगळ्यांना सारखी दिसते; पण सगळ्यांना सारखी *लागत* नाही.

मग गेलं काय?

तुम्ही म्हणाल, “ठरलं तर! नवंच चांगलं.” थांबा, घाई नको.

याच डिस्ने वर्ल्डमध्ये ‘कॅरिबियन बीच’ नावाचं हॉटेल आहे. २००९ मध्ये तिथल्या काही खोल्या समुद्री चाच्यांच्या केल्या होत्या. पलंग कसले, चक्क गलबतं! पडद्यावर कवटी आणि हाडांची खूण. रात्री मुलं गलबतात झोपायची. पुढे त्या खोल्यांचंही नूतनीकरण झालं आणि गलबतं गेली. नव्या खोल्या नीटनेटक्या आहेत, भिंतीवर जलपरीच्या गोष्टीतली चित्रंही आहेत. पण चित्रातल्या समुद्राकडे बघत झोपणं वेगळं आणि गलबतात झोपणं वेगळं! तिथे लहानपणी झोपलेल्या मुलाला हळहळ वाटली, तर ती खोटी नाही.

‘पॉलिनेशियन व्हिलेज’ या हॉटेलात तर याहून मोठा बदल झाला. हे हॉटेल १ ऑक्टोबर १९७१ ला, डिस्ने वर्ल्डच्या पहिल्याच दिवशी सुरू झालं. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरून त्याची कल्पना घेतली आहे. त्याच्या मुख्य दालनात वर्षानुवर्षं खडकांवरून कोसळणारा धबधबा होता, हिरवीगार झाडी होती. २०१४ च्या नूतनीकरणात तो काढला. दालन मोकळं झालं, बसायला जागा झाली, मधोमध मूर्ती आली. पण पाण्याचा तो आवाज गेला. दार उघडताच कानावर येणारा आवाज म्हणजे ‘आलो बरं का आपण!’ अशी ज्यांची खूण होती, त्यांना तो बदल लागला.

२०२१ मध्ये याच हॉटेलातल्या खोल्याही बदलल्या आणि तिथे ‘मोआना’ आली. समुद्र ओलांडून जाणाऱ्या धीट मुलीचा हा कार्टूनपट २०१६ चा. मुलांना ओळखीचा चेहरा मिळाला, खोली आनंदी झाली. पण इथे एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. पॉलिनेशिया ही काही कार्टूनमधली जागा नाही. सामोआ, टोंगा, हवाई ही खरीखुरी बेटं आहेत. तिथले लोक झाडाची साल कुटून कापड करतात, त्याला ‘टापा’ म्हणतात, आणि त्यावर सुंदर भौमितिक नक्षी काढतात. हॉटेलच्या भिंतीवर तशी नक्षी दिसली, की ती सिनेमाच्या आधी कुणाची होती, हे विसरायचं नाही. गोष्ट खोलीत आणायची तर ती ज्यांची आहे, त्यांच्या नावासकट आणावी.

उद्याचं हॉटेल काल झालं!

आता सगळ्यांत मजेदार हॉटेल. नाव ‘कंटेम्पररी’, म्हणजे ‘आजच्या काळातलं’. हेही १९७१ चंच. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी उतरती इमारत आणि तिच्या पोटातून चक्क एका रुळावरची आगगाडी जाते! त्याच्या खोल्या जागेवर बांधल्याच नाहीत. काही मैलांवरच्या कारखान्यात पोलादी सांगाड्याच्या खोल्या न्हाणीघरासकट तयार केल्या, यारीनं उचलल्या आणि कपाटात खण सरकवावा तशा इमारतीत सरकवल्या. त्या खोल्या तिथेच राहिल्या. तेव्हापासून प्रत्येक नूतनीकरण त्या खणांच्या आतच होत आलं आहे.

पण नावाचीच पंचाईत! ‘आजच्या काळातलं’ म्हटलं, की दर काही वर्षांनी ‘आज’ बदलतो. १९७१ ची खोली तेव्हा उद्याची वाटायची. दहा-पंधरा वर्षांत ती कालची वाटू लागली. गंमत म्हणजे भविष्यकाळ सगळ्यांत लवकर जुना होतो! २०२१ मध्ये या हॉटेलनं त्याच्यावर काय तोड काढावी? नव्या खोल्यांत त्यांनी ‘इनक्रेडिबल्स’ हे अचाट शक्तीचं कुटुंब आणलं. हा कार्टूनपट २००४ चा असला, तरी त्यातली घरं, खुर्च्या, दिवे १९६० च्या आसपासच्या लोकांनी कल्पिलेल्या भविष्यासारखे दिसतात. म्हणजे हॉटेल उभं राहिलं त्या काळाच्या आसपासचेच! नवी खोली करता करता त्यांनी आपलं जुनं स्वप्न परत आणलं.

आणि एक गोष्ट त्यांनी पन्नास वर्षांत हलवली नाही. मधल्या दालनात मेरी ब्लेअर या चित्रकर्तीनं केलेलं, सुमारे ९० फूट उंच, फरशांवर रंगवलेलं चित्र आहे. त्यात मुलं आहेत, पक्षी आहेत आणि एक बकरी आहे. तिला पाय आहेत पाच! येणारी मुलं अजूनही तो पाचवा पाय शोधतात. खोल्या कितीदा बदलल्या, पण बकरी तिथेच.

पुन्हा आमचा वर्ग

फोटो फळ्यावरून उतरवताना मी विचारलं, “मग आता सांगा, हत्तीचं काय करायचं?”

या वेळी भांडण झालं नाही. मुलांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. एक, ही वस्तू बघायची आहे की वापरायची? दोन, बदलली तर कुणाची सोय होईल? तीन, गेली तर कुणाला वाईट वाटेल?

हत्ती बघायचा आहे. तो कुणाच्या पायात येत नाही. गेला तर सगळ्यांना वाईट वाटेल, कारण आमच्यातल्या कितीतरी मुलांच्या आईबाबांनी त्याच भिंतीवर अंक गिरवलेत. ठरलं, हत्ती राहणार. ३७ आणि ३८ नव्यानं लिहायचे आणि बाकीची भिंत आकाशी करायची. दोन्ही पक्ष खूश!

“आणि बदलायचं काय?” मी विचारलं. कुणी म्हणालं खिडक्या, कुणी म्हणालं फळा. मग सगळ्यांचं लक्ष कुबडीवाल्या मुलीकडे गेलं. ती हळूच म्हणाली, “बाई, उंबरा.”

आमच्या वर्गाचा उंबरा चांगला वीतभर उंच आहे. मी रोज तो ओलांडून आत येते. इतकी वर्षं मला तो कधी दिसलाच नव्हता. ती मात्र रोज त्याच्यापाशी थांबते, आधी कुबडी पलीकडे टेकवते, मग पाय उचलते.

आम्ही मुख्याध्यापकांना भेटलो. गवंड्यानं उंबरा काढून तिथे सिमेंटचा उतार केला. आता हत्ती तिथेच आहे आणि उंबरा गेला आहे. सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी वर्गात येऊन बसली होती.

तेव्हा मुलांनो, या रविवारी एक करा. तुमच्या घरातली एक खोली घ्या. पट्टीनं किंवा टेपनं तिचं माप काढा, वहीत आराखडा काढा, पलंग-कपाटं किती जागा अडवतात ते चौरस फुटांत लिहा. मग घरातल्या प्रत्येकाला विचारा, अगदी आजीआजोबांना आणि सगळ्यांत धाकट्यालासुद्धा, “या खोलीतलं काय राहायला हवं आणि काय बदलायला हवं?” उत्तरं ऐकून तुम्हीही चकित व्हाल. आणि हो, आईबाबांनो, तुम्हालाही विचारतील बरं का! तयार राहा.